दोन पडद्यांवरचे एकच धरण

संगणकावर बसवलेल्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेले एखादे मॉडेल त्याच सॉफ्टवेअरच्या वेब-आवृत्तीत, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या रूपात, जसेच्या तसे चढवले आणि दोन्हीकडे ‘रन’ दिला, तर उत्तरे तंतोतंत जुळतील अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते आणि ती पुष्कळदा पुरी होत नाही. फाइल तीच, आकडे तेच, समीकरणेही तीच असतात. तरीही आलेखाची रेघ एके ठिकाणी किंचित सरकलेली दिसते, किंवा सुरुवातीला एकावर एक बसलेल्या दोन रेघा काही काळाने फाकू लागतात. अशा वेळी दोन्हींतले बरोबर कोणते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. तो स्वाभाविक असला तरी त्यातून काम पुढे सरकत नाही, कारण अनेकदा दोन्ही उत्तरे आपापल्या नियमांनुसार बरोबर असतात आणि ते नियम कोणते होते हेच कोणी नोंदवलेले नसते. फरक किती आहे यापेक्षा तो कोठे सुरू झाला आणि पुढे वाढत गेला की विरत गेला, हे पाहणे हेच या कामाचे खरे स्वरूप आहे.

पुण्यात हा प्रश्न केवळ वर्गापुरता राहत नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सूनची मॉडेले चालतात, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नद्यांची, धरणांची आणि बंदरांची मॉडेले तपासली जातात, तर हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या वाहन-अभियांत्रिकीच्या कार्यालयांत धातूचा एखादा भाग वाकेल की तुटेल याचा निर्णय आधी पडद्यावर आणि मग चाचणीच्या पट्ट्यावर होतो. महाविद्यालयांतून आणि छोट्या सल्लागार कार्यालयांतून मात्र आता ब्राउझरमध्ये चालणारी साधने जास्त दिसतात, कारण त्यांना परवान्याची किल्ली लागत नाही आणि ताकदवान संगणकही लागत नाही. त्यामुळे एकच मॉडेल कार्यालयात एका रूपात आणि बैठकीत दुसऱ्या रूपात चालवले जाण्याचे प्रसंग वाढले आहेत.

फरकाची कारणे समजून घेण्यासाठी पुण्याच्या वाचकाला परिचित असलेल्या एका धरणाचे अगदी साधे मॉडेल पुरेसे आहे. खडकवासला प्रकल्पातील चार धरणांपैकी खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे १९७ कोटी घनफूट, इतका लहान आहे. वरच्या बाजूच्या पानशेतचा १०.६५, वरसगावचा १२.८२ आणि टेमघरचा ३.७१ टीएमसी आहे. वरचे पाणी खाली येऊ लागले की हे धाकटे धरण लवकर भरते आणि मुठा नदीत विसर्ग सोडावा लागतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला फुटल्याची आठवण असलेल्या शहरात ‘किती क्युसेक सोडले’ हा प्रश्न पावसाळ्यात घरोघरी विचारला जातो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी जाते. जिला मॉडेलिंगमध्ये ‘साठा आणि प्रवाह’ पद्धत म्हणतात, तीत धरण हा एक साठा आणि येणारे व जाणारे पाणी हे दोन प्रवाह असतात. आता केवळ समजण्यासाठी, कोणत्याही प्रत्यक्ष विसर्ग-वेळापत्रकाशी संबंध न ठेवता, असे मानू की धरण पूर्ण भरलेले आहे, पाणी येणे थांबले आहे आणि दर तासाला त्या क्षणी असलेल्या साठ्याच्या एक-दशांश वेगाने पाणी बाहेर पडत आहे. दहा तासांनी किती पाणी उरेल?

कागदावर या प्रश्नाचे उत्तर अचूक काढता येते आणि ते ०.७२४७ टीएमसी येते. संगणक मात्र असे उत्तर काढत नाही. तो काळाचे छोटे तुकडे पाडून तुकड्यागणिक बेरीज-वजाबाकी करत पुढे जातो. या तुकड्याला कालपायरी म्हणता येईल. सर्वांत सोपी पद्धत ऑयलरची असून तीत पायरीच्या सुरुवातीला जो वेग असेल तोच संपूर्ण पायरीभर कायम राहिला असे मानले जाते. एक तासाची पायरी घेऊन या पद्धतीने मॉडेल चालवले तर दहा तासांनी ०.६८६९ टीएमसी उरते, पंधरा मिनिटांची पायरी घेतली तर ०.७१५६ उरते. रुंग आणि कुट्टा या दोन जर्मन गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी चौथ्या श्रेणीची पद्धत एका पायरीत चार वेळा वेग तपासते आणि त्यांची भारित सरासरी घेते. तिने एक तासाच्याच पायरीने ०.७२४७ हे उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. एकाच मॉडेलची डेस्कटॉप-आवृत्ती मूळ सेटिंगमध्ये दुसरी पद्धत आणि वेब-आवृत्ती पहिली पद्धत वापरत असेल, तर दोन्ही पडद्यांवरील उत्तरांत सुमारे ०.०३७८ टीएमसीचा, म्हणजे ३ कोटी ७८ लाख घनफुटांचा, फरक पडतो. दहा तासांवर वाटला तर तो सरासरी १,०५० क्युसेक होतो. समीकरणातला एकही आकडा न बदलता निर्माण झालेले हे पाणी आहे, आणि दोन्हींपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दोष नसताना ते निर्माण झालेले आहे.

म्हणूनच फरकाचा शोध घेणारा अनुभवी विश्लेषक समीकरणांकडे वळण्यापूर्वी सेटिंगची खिडकी उघडतो. पद्धत कोणती, पायरी केवढी, पायरी ठरलेली आहे की सॉफ्टवेअर गरजेप्रमाणे ती लहान-मोठी करते, आणि लहान-मोठी करत असल्यास किती त्रुटी चालवून घेते, या बाबी दोन्हीकडे शेजारी-शेजारी लिहून काढल्या की निम्मे कोडे येथेच सुटते. मूळ सेटिंग म्हणजे निर्मात्याने आपल्या वतीने घेतलेला निर्णय असतो, आणि डेस्कटॉप व वेब यांचे निर्माते एकाच कंपनीतले असले तरी तो निर्णय त्यांनी एकत्र बसून घेतलेला असतोच असे नाही. वेबवाल्यांना चित्र झटकन हलायला हवे असते, त्यामुळे त्यांचा कल मोठ्या पायरीकडे आणि सोप्या पद्धतीकडे असणे समजण्यासारखे आहे.

पद्धत आणि पायरी जुळवूनही उत्तर जुळले नाही तर पुढचा संशयित म्हणजे घड्याळ. समजा मॉडेलमध्ये ‘एक तास पूर्ण झाला की दरवाजा उघडा’ अशी अट आहे आणि पायरी ०.१ तासाची, म्हणजे सहा मिनिटांची आहे. दहा पायऱ्यांनंतर एक तास पूर्ण व्हायला हवा. पण संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत साठवतो, आणि एक-दशांश ही संख्या त्या पद्धतीत तशीच अनंत चालते जशी दशमान पद्धतीत एक-तृतीयांश चालते. ती कोठेतरी तोडावी लागते. तोडलेले ०.१ दहा वेळा एकात एक मिळवत गेल्यास संगणकाचे उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, तेच ०.१ ला एकदम दहाने गुणले तर मात्र नेमके १ येते. एका आवृत्तीचे घड्याळ मिळवत जाणारे आणि दुसरीचे गुणणारे असेल तर पहिल्या आवृत्तीत दहाव्या पायरीला अट पुरी होत नाही आणि दरवाजा सहा मिनिटे उशिरा उघडतो. दहा हजार क्युसेकच्या दरवाज्यासाठी ही सहा मिनिटे ३६ लाख घनफूट पाण्याची होतात. सोळाव्या दशांश स्थळावरचा तुकडा असा एका ‘जर-तर’ अटीच्या वाटेने मोठ्या आकड्यात शिरतो. पायरी ०.२५ किंवा ०.१२५ ठेवावी, असा सल्ला या क्षेत्रात दिला जातो, कारण दोनाच्या घातांनी बनलेले हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत पूर्ण बसतात आणि कितीही वेळा मिळवले तरी झिजत नाहीत.

घड्याळाचा दुसरा घोळ खास ब्राउझरचा आणि खास भारतातल्या वापरणाऱ्याला छळणारा आहे. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची भाषा ‘२०२४-०७-२५’ अशी नुसती तारीख वाचताना ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र समजते, पण त्याच तारखेपुढे तास-मिनिटे लिहिली तर ती स्थानिक वेळ समजते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहिल्या प्रकारे वाचलेली पावसाची नोंद मॉडेलमध्ये पहाटे साडेपाचला येऊन बसते. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे २५ जुलैच्या नावाने नोंदलेला चोवीस तासांचा पाऊस बहुतांशी २४ तारखेचा असतो, ही बाब त्यात मिसळली की कोणती नोंद कोणत्या तासाची हे उलगडायला बराच वेळ लागतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत जसे पाणी शिरले, तशा प्रसंगाचे मॉडेल करताना पावसाचा शिखर-क्षण साडेपाच तासांनी सरकणे म्हणजे रात्रीचा पूर सकाळचा करणे होय. असा फरक आलेखावर ओळखायला मात्र सोपा असतो, कारण रेघेचा आकार तसाच राहतो, ती फक्त आडवी सरकते. आणि सरकण्याचे माप साडेपाच तास निघाले की दुसरे कारण शोधण्याची गरज उरत नाही.

हे सारे तपासून झाल्यावर जी झीज उरते ती खऱ्या अर्थाने अंकगणिताची असते. बहुतेक आधुनिक संगणक अपूर्णांकांसाठी आयईईई ७५४ हे १९८५ साली ठरलेले मानक पाळतात, आणि ब्राउझरमधील संख्याही त्याच मानकाच्या ६४ बिटांच्या साच्यात असतात. या साच्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचे उत्तर कसे पूर्णांकित करायचे हे काटेकोरपणे ठरलेले आहे. साइन, लॉगॅरिदम, घातांक यांसारख्या फलनांबाबत मात्र जावास्क्रिप्टचे मानक उत्तर किती अचूक हवे हे ब्राउझर लिहिणाऱ्यावर सोडते, त्यामुळे दोन ब्राउझरांतही शेवटचा अंक वेगळा निघू शकतो. बेरजेचा क्रमही महत्त्वाचा ठरतो: ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येते, पण ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६ येते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तेव्हापासून समांतर गणन या शहरात परिचित आहे. समांतर गणनात एक मोठी बेरीज अनेक प्रक्रियकांत वाटली जाते आणि ज्याचा तुकडा आधी तयार होईल तो आधी मिळवला जात असेल, तर त्याच यंत्रावर दुसऱ्यांदा चालवलेले मॉडेलही शेवटच्या अंकात वेगळे येऊ शकते. ब्राउझरमधून चित्र-प्रक्रियकाला, म्हणजे जीपीयूला काम दिले तर तेथे बहुधा ३२ बिटांचाच साचा मिळतो, आणि सोळा अंकांऐवजी सातच अंक विश्वासाचे उरतात.

येथे विश्लेषकाला एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो मॉडेलच्या स्वभावावर अवलंबून असतो. वर दिलेले रिकामे होणारे धरण विसराळू आहे: त्यात एखाद्या पायरीला शेवटच्या अंकाची चूक शिरली तर ती चूकही पाण्याबरोबर दर तासाला दहा टक्क्यांनी ओसरत जाते. अशा मॉडेलमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा फरक पूर्णांकनामुळे पडला, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. कारण पद्धतीत, पायरीत, एककात, तारखेत किंवा एखाद्या उंबरठ्याच्या अटीत शोधावे. याउलट काही मॉडेले चूक विसरत तर नाहीतच, पण ती वाढवतात. शून्य आणि एक यांच्यामधली एखादी संख्या घेऊन तिला एकातून तिच्या वजाबाकीने गुणायचे, आलेल्या उत्तराला चाराने गुणायचे आणि तेच पुन्हा-पुन्हा करायचे, एवढ्या साध्या सूत्रात चूक दर फेरीला सरासरी दुप्पट होते. ६४ बिटांच्या साच्यात ५३ द्विमान अंक मावतात, त्यामुळे पन्नासेक फेऱ्यांनंतर दोन आवृत्त्यांच्या उत्तरांचा एकमेकांशी काहीही संबंध उरत नाही; ३२ बिटांच्या साच्यात हे विशीतच घडते. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ साली एमआयटीमध्ये हवामानाच्या आपल्या छोट्या मॉडेलचा एक रन मध्येच पुन्हा सुरू करताना छापील कागदावरून ०.५०६ हा आकडा भरला, यंत्राच्या आत मात्र ०.५०६१२७ होता, आणि काही महिन्यांच्या कृत्रिम हवामानानंतर दोन्ही रन पूर्णपणे वेगळे झाले. डेस्कटॉपवरची स्थिती सहा अंकांपर्यंत छाटून फाइलमध्ये उतरवायची आणि ती फाइल वेबवर चढवायची, हा आजचा रिवाज म्हणजे लोरेन्झ यांच्या कागदाचीच नवी आवृत्ती आहे.

फरक नेमका कोठे सुरू झाला हे शोधण्याची रीत कंटाळवाणी पण खात्रीची आहे. दोन्हीकडील सर्व चलांच्या किमती प्रत्येक पायरीला सतरा अंकांपर्यंत उतरवून घेतल्या जातात, कारण ६४ बिटांची संख्या निःसंदिग्धपणे लिहायला तेवढे अंक लागतात आणि पडद्यावर दिसणारे चार-पाच अंक खोटा दिलासा देतात. हजार पायऱ्यांचा रन असेल तर आधी पाचशेवी पायरी पाहिली जाते. तेथे सर्व जुळत असेल तर साडेसातशेवी, नसेल तर अडीचशेवी. अशा दहा तपासण्यांत फुटीची पायरी सापडते. मग त्या पायरीत सर्वप्रथम कोणते चल वेगळे झाले ते पाहायचे, आणि त्या एका चलाचे समीकरण दोन्हीकडे हाताने सोडवायचे. फरक शेवटच्या अंकात असेल तर अंकगणित, तिसऱ्या-चौथ्या अंकात असेल तर पद्धत किंवा छाटलेली फाइल, आणि पहिल्याच अंकात असेल तर एकक किंवा अट, असा ठोकताळा बहुधा खरा ठरतो. रन फुटला की आधी संपूर्ण मॉडेल नव्याने बांधायला घेणारे लोक या क्षेत्रात कमी नाहीत. त्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा असला तरी त्यांच्या हाती दोनाऐवजी तीन उत्तरे येतात.

यादृच्छिकतेवर चालणाऱ्या मॉडेलांना ही रीत थोडी बदलून लावावी लागते. साथीच्या फैलावाचे किंवा वाहतुकीचे मॉडेल करताना प्रत्येक व्यक्ती किंवा वाहन स्वतंत्र घटक म्हणून हलवले जाते आणि त्याचे प्रत्येक पाऊल यादृच्छिक संख्येवरून ठरते. या संख्या खऱ्या अर्थाने यादृच्छिक नसतात. ‘बीज’ म्हणून दिलेल्या एका आकड्यापासून सूत्राने निघणारी ती मालिका असते, आणि बीज तेच असेल तर मालिकाही तीच येते. जावास्क्रिप्टच्या अंगभूत यादृच्छिक फलनाला बीज देण्याची सोयच नाही, त्यामुळे वेब-आवृत्ती लिहिणाऱ्याला मालिकेचे सूत्र स्वतः लिहावे लागते. ते डेस्कटॉपसारखेच लिहिले तरी एखाद्या आवृत्तीत केवळ ठिपक्यांना रंग देण्यासाठी एक जादा संख्या उचलली गेली की त्यापुढची सारी मालिका एका घराने सरकते आणि पुण्याच्या एका पेठेत सुरू झालेली साथ दुसऱ्याच पेठेत जाऊन पोहोचते. अशा मॉडेलांचा एकेक रन जुळवण्यात अर्थ नसतो. दोन्हीकडे शंभर-दोनशे रन घेऊन निकालांची सरासरी आणि पसारा जुळतो का, हे पाहावे लागते.

पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत हाच विचार उलट बाजूने वापरला जातो. तेथे २०१८ साली प्रत्युष आणि २०२४ मध्ये अर्क हा महासंगणक कार्यान्वित झाला. पण यंत्र कितीही मोठे असले तरी वातावरण चूक वाढवणाऱ्या जातीचे आहे, हे बदलत नाही. म्हणून २०१८ पासून चालणाऱ्या बारा किलोमीटर जाळीच्या समूह-पूर्वानुमान प्रणालीत सुरुवातीची स्थिती मुद्दाम थोडी-थोडी बदलून एकवीस रन केले जातात आणि त्यांच्या पसाऱ्यावरून अंदाजावर किती भिस्त ठेवायची ते ठरते. डेस्कटॉप आणि वेब यांच्यातला फरक अशा पसाऱ्याच्या आत मावत असेल तर त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही, बाहेर जात असेल तर आहे. हा पसारा किती आहे हे न मोजताच दोन रेघांमधील अंतरावर वाद घालणे मात्र व्यर्थ आहे.

दोन मॉडेलांचे न जुळणे संगणकाबरोबर आले असेही नाही. मुंबई इलाख्याच्या काळात, १९१६ साली, स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात नद्या आणि धरणे लहान प्रमाणात प्रत्यक्ष बांधून त्यांतून पाणी सोडण्याची परंपरा आहे. फ्रूडच्या नियमानुसार लांबी शंभरपट लहान केली तर पाण्याचा वेग दहापट, काळ दहापट आणि विसर्ग एक लाखपट लहान होतो, म्हणजे दहा तासांचा पूर अंगणात एका तासात पाहता येतो. पण पाण्याचा चिकटपणा आणि पृष्ठताण शंभरपट लहान करता येत नाहीत. त्यामुळे सांडव्यावरचा पातळ पाण्याचा थर मॉडेलमध्ये जरा वेगळा वागतो आणि संगणकीय मॉडेलशी तंतोतंत जुळत नाही. तेथे मात्र या न जुळण्याला नाव आहे, प्रमाण-परिणाम, आणि त्यासाठी मॉडेल किती मोठे बांधावे याचे संकेत आहेत. दोन सॉफ्टवेअर-आवृत्त्यांतील फरकाला असा मान अजून मिळालेला नाही, तो ‘बग’ या एकाच सदरात टाकला जातो.

एक गोष्ट मात्र वेब-आवृत्तीच्या बाबतीत खरोखर वेगळी आहे. डेस्कटॉपचे सॉफ्टवेअर जुने झाले तरी त्याची स्थापना-फाइल कार्यालयाच्या एखाद्या डिस्कवर पडून असते आणि पाच वर्षांपूर्वीचा अहवाल कोणी तपासायला मागितला तर तीच आवृत्ती पुन्हा बसवता येते. वेब-आवृत्ती निर्मात्याच्या सर्व्हरवर राहते, तो ती केव्हाही बदलतो, आणि जुलैत घेतलेला रन सप्टेंबरात त्याच पत्त्यावर उघडला तर त्यामागचे सॉफ्टवेअर तेच असेल याची हमी कोणाकडेही नसते. शिवाय ब्राउझरही मध्यंतरी स्वतःहून अद्ययावत झालेला असतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारी माणसे निकालाबरोबर पद्धत, पायरी, बीज, सॉफ्टवेअर आणि ब्राउझर या दोन्हींचे आवृत्ती-क्रमांक आणि रनची तारीख उतरवून ठेवतात, आणि ज्याचे उत्तर कागदावर अचूक काढता येते असे एखादे छोटे मॉडेल प्रत्येक खऱ्या कामाआधी त्याच खिडकीत चालवून पाहतात. वेब-आवृत्तीचा क्रमांक पडद्यावर बहुधा दिसत नाही. तो ‘अबाउट’च्या पानावर जाऊन शोधावा लागतो, आणि तेथेही नसेल तर तारखेवरच भागवावे लागते.